मागच्या सीटची पाठ

अधारताल, जबलपूर
२४ नोव्हेंबर १९७१

ती. नीलकंठकाकांस,
सुनेत्राचा साष्टांग नमस्कार.

आधी हे लिहिते की गाडी तुम्ही ठेवून गेलात तशीच आहे. चार वर्षांपूर्वी भुसावळला बदलीवर जाताना तुम्ही बाबांना सांगितलं होतं, वापरू नका, फक्त पंधरा दिवसांनी एकदा चालू करा. तुमचा जुना ड्रायव्हर नथ्थू दीक्षितपुऱ्याहून सायकलवर येतो, इंजिन चालू करतो, अंगणात दोन हात पुढे, दोन हात मागे घेतो आणि ताडपत्री घालून जातो. एकदाही चुकलेला नाही. पुढे जे मागणार आहे ते वाचताना आमच्याविषयी शंका येऊ नये म्हणून हे आधी.

लतिकेच्या मणक्याच्या क्षयाचं तुम्हाला आईने कळवलंच होतं. जुलैपासून ती काखेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरमध्ये आडवी आहे. गेल्या पंधरवड्यापासून तिच्या पायांत मुंग्या येतात, आणि उजव्या पायाचा अंगठा जड झाला आहे. इथले डॉक्टर म्हणतात की आतला पू मज्जातंतूंवर दाबतो आहे, नागपूरला ऑपरेशन करावं लागेल. नागपूरच्या सर्जननी ११ डिसेंबरला आणायला सांगितलं आहे. वीस तारखेपासून त्यांना फौजी इस्पितळात बोलावणं आहे, त्यानंतर कधी मोकळे होतील ते तेही सांगू शकत नाहीत. उशीर झाला तर पाय जातील, असं डॉक्टर बाहेरच्या खोलीत हळू आवाजात म्हणाले. लतिकेने ते ऐकलं. मी आत गेले तर म्हणाली, "ताई, प्लास्टर पाठीला आहे, कानांना नाही."

तिला बसवायचं नाही, वाकवायचं नाही, तिरकंसुद्धा करायचं नाही. स्ट्रेचर रेल्वेच्या डब्याच्या दारातून वळत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि सध्या आरक्षण मिळालं तरी आदल्या दिवशी ते फौजेकडे जातं. इस्पितळाची गाडी जखमींसाठी राखून ठेवली आहे, ती मागायला मलाच संकोच वाटला. तरी मागितली. नाही म्हणाले.

म्हणून तुमच्या गाडीविषयी लिहिते. बाबांनी आतून माप घेतलं आहे. पुढची डावी सीट आणि मागची बसायची गादी काढली तर समोरच्या डॅशबोर्डपासून मागच्या पाठीपर्यंत पाच फूट सात इंच मिळतात. लतिकेला निजवायची फळी साडेपाच फुटांची. गादी तशीच ठेवून फळी वर टाकता येत नाही, कारण स्प्रिंगवर ती हेलकावे खाईल. नथ्थू चालवायला तयार आहे. बाबांना रजा नाही, फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू आहेत आणि टूल-रूमचा स्टोअर त्यांच्याकडे आहे. लतिकेसोबत मी जाईन, आई मिळेल त्या गाडीने येईल.

काढलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी बांधून कोरड्या खोलीत ठेवू. आमच्या घरचा नियम तुम्हाला माहीत आहे. टूल-रूममधून नेलेलं हत्यार नेलं त्याहून स्वच्छ परत यायला हवं, आणि बाबा तो नियम घरच्या कात्रीलाही लावतात. सीट तुम्हाला ठेवली त्याहून चांगली मिळेल, याची जबाबदारी माझी.

उत्तर लवकर द्यावं ही विनंती. तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही वाईट वाटून घेणार नाही. हे वाक्य खरं नाही, पण लिहिणं माझं कर्तव्य आहे.

तुमची,
सुनेत्रा

•

भुसावळ
२८ नोव्हेंबर १९७१

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. गाडी घ्या. विचारायला आठ दिवस का लावलेस? तुझ्या पत्रावरची शाई दोन प्रकारची आहे, त्यावरून कळते की अर्धे लिहून ठेवले होतेस.

पुढची डावी सीट चार बोल्टांवर आहे. मागची गादी बोल्टांवर नाही. तिच्या पुढच्या कडेखाली दोन्ही हात घालायचे, आधी मागे रेटायचे आणि मग वर उचलायचे. सरळ वर ओढली तर कापड फाटेल. नथ्थूला माहीत आहे.

मागची पाठ मात्र काढू नये. तिचे बोल्ट गंजले आहेत, एकदा निघाली की पुन्हा बसणार नाही. गादी खुशाल काढा, पाठीला हात लावू नये.

ब्रेकचे तेल नवे घाला. शिवनीच्या पुढे घाट आहे, तिथे नथ्थूला घाई करू देऊ नकोस. इथे दिवसरात्र फौजी गाड्या जात आहेत. मी आठवड्यातले चार दिवस इटारसीकडे लाइनवर असतो. लतिकेला म्हणावे, तिच्या वयात मी झाडावरून पडून तीन महिने निजलो होतो आणि त्यानंतर रेल्वेत तीस वर्षे उभा आहे.

तुझा,
नीलकंठकाका

•

अधारताल
३ डिसेंबर १९७१, सकाळ

ती. काकांस,
सा. नमस्कार.

परवानगी मिळाली त्या संध्याकाळी आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी गादी काढली. तुम्ही लिहिलं तशी, आधी मागे, मग वर. मला वाटलं नव्हतं इतकी सहज आली. तिच्याखाली एक कंगवा, दोन चिंचोके आणि शिवनीच्या पेट्रोल पंपाची पावती निघाली. तिन्ही वस्तू पाकिटात घालून ठेवल्या आहेत.

पण आमच्याकडून एक चूक झाली आहे, आणि ती आमच्यासारख्यांकडूनच होऊ शकते. बाबांनी आतलं माप इंचाच्या आठव्या हिश्शापर्यंत बरोबर घेतलं. फळी रंधून तयार केली, कडा घासल्या, दोन्ही बाजूंना पट्टे लावले. रिकामी फळी दारातून तिरकी करून आत नेली आणि जागेवर अशी बसली की बाबा खूश होऊन चहा मागायला लागले. मी म्हटलं, लतिकेला ठेवण्याआधी एकदा मला ठेवून बघा. मी फळीवर आडवी झाले, पट्टे बांधले, बाबा आणि नथ्थूने उचललं. दाराशी आल्यावर फळी तिरकी केल्याशिवाय वळेना, आणि तिरकी केली की मी खाली घसरायला लागले. मागच्या दाराने तेच, पुढच्या दाराने तेच. आतली जागा मोजली होती, आत जायची वाट मोजली नव्हती.

बाबा ओट्यावर जाऊन बसले. मग मलाच म्हणाले, "काहून घाबरून राहिली? बोल्ट आहे तिथं पाना चालतो." पण मी बोल्टाला घाबरत नव्हते, तुमच्या पत्राला घाबरत होते.

आत जायची एकच सरळ वाट आहे, डिकीची. झाकण खाली पडून साखळ्यांवर टेकतं. तिथून फळी आडवीच्या आडवी सरकेल. मध्ये येते ती फक्त पाठ. ती काढली की पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यामागे डिकी. लतिका म्हणते, पावासारखं मला भट्टीत सारून राहिले तुम्ही.

तुम्ही पाठीला हात लावू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. गादीची परवानगी म्हणजे पाठीची नव्हे, हे मला कळतं. म्हणून पुन्हा विचारते. बोल्ट गंजले असतील तर बाबा ते तेल घालून दोन दिवस भिजवतील, तुटलेच तर फॅक्टरीबाहेर स्वतःच्या हाताने नवे कातून देतील. कृपा करून तारेने कळवा. 'हो' एवढा एक शब्द पुरे.

दहाला पहाटे निघायचं आहे.

सुनेत्रा

ता. क. ४ डिसेंबर. काल पत्र टाकायला गेले तर पेटी उघडून झाली होती. संध्याकाळी भोंगा वाजला. लढाई सुरू झाली असं रेडिओवर सांगितलं. बाबा रात्री घरी आले नाहीत, आज सकाळी येऊन अंघोळ करून पुन्हा गेले. नथ्थूने गाडीच्या दिव्यांच्या काचा अर्ध्या काळ्या रंगवल्या आहेत. त्याची परवानगी मागितली नाही कारण तो सरकारी हुकूम आहे.

•

भुसावळ
८ डिसेंबर १९७१

चि. सुनेत्रास आशीर्वाद.

पाच दिवस इटारसीला होतो. तुझे पत्र आज हाती आले. तार करायला गेलो, तार घरात खासगी तारा मागे पडून आहेत म्हणाले, म्हणून पत्र.

पाठ काढू नये. मी दुसरी व्यवस्था करतो. १७ तारखेच्या गाडीला गार्डच्या डब्यात फळी ठेवण्यापुरती जागा मिळवीन. तिथले दार रुंद असते, आत वळायला जागा असते. सर्जनला तारीख पुढे ढकलायला सांगा. वीस तारखेआधी होते म्हणजे झाले.

तुला माझे लिहिणे कठोर वाटेल. पण पाठीचा आग्रह सोड.

नीलकंठकाका

•

अधारताल
९ डिसेंबर १९७१, दुपार

ती. काकांस,

तुमचं उत्तर आलं नाही. मी सहा तारखेपासून रोज दोनदा पोस्टात जाऊन आले. आज सकाळी डॉक्टर आले होते. त्यांनी लतिकेला डोळे मिटायला सांगून उजव्या पायाचा अंगठा धरला आणि विचारलं, वर आहे की खाली. ती म्हणाली, "तुम्ही धरला का?"

मी पाठ काढली आहे.

तुम्ही नको म्हणाला होतात आणि मी ती काढली. बाबांनी नव्हे, ते फॅक्टरीत होते. नथ्थूनेही नव्हे, त्याला मी सांगितलं म्हणून त्याने हात दिला. पाना माझ्या हातात होता. कुणाला बोल लावायचा झाला तर मला लावावा.

एक लिहायला हवं. बोल्ट गंजलेले नव्हते. चारही बोल्टांना ग्रीस होतं, वरून कापडाची पट्टी गुंडाळलेली. कुणीतरी फार काळजी घेतली होती. तुम्ही विसरला असाल. सहाव्या-सातव्या फेऱ्यात ते बोटांनी सुटले.

पाठ उचलताना नथ्थू जरा थांबला. त्याने हात धोतराला पुसले, पाठीच्या डाव्या बाजूला बोटं लावून कपाळाला लावली आणि म्हणाला, "मालकिन की जगह है, बिटिया." शरयूकाकू डावीकडे बसत हे मलाही आठवतं. दसऱ्याला बाबा जसे हत्यारांना हात लावतात तसंच हे असावं. मला त्याचं बरं वाटलं.

पाठ आतल्या खोलीत, जमिनीला न लागता दोन पाटांवर ठेवली आहे, वर धुतलेली चादर.

सोबत पुठ्ठ्यावर शिवून एक पितळी बिल्ला पाठवते. टूल-रूममधून हत्यार नेताना कामगार आपला बिल्ला त्याच्या खिळ्यावर टांगून जातो. हत्यार परत आलं की बिल्ला परत. जुन्या मालिकेचे रद्द झालेले बिल्ले बाबांनी साहेबांना विचारून घरी आणले होते, मी आणि लतिका त्यांवरच अंक शिकलो. आमच्या स्वयंपाकघरात तशीच खिळ्यांची फळी आहे. आई सांडशी शेजारी देते तेव्हासुद्धा तिचा बिल्ला तिथे लटकतो. ३१८ माझा. पाठ जागेवर बसेपर्यंत तो तुमच्याकडे राहू दे. चोरी आणि नेणं यांत फरक एवढाच, की नेणाऱ्याचा नंबर मागे राहतो.

आज संध्याकाळी लतिकेला एकदा सारून पाहणार. उद्या उजाडताच निघतो, तिलवाऱ्याचा पूल सहाच्या आत ओलांडायचा असं नथ्थू म्हणतो, नंतर फौजी ट्रकांची रांग लागते. मी उजवीकडे खाली, फळीशेजारी बसेन.

रागावलात तरी पत्र टाका.

सुनेत्रा

•

अधारताल
२८ डिसेंबर १९७१

ती. काकांस,
सा. नमस्कार.

ऑपरेशन बारा तारखेला झालं. साडेचार तास लागले. सर्जन म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं. सोळाला, ढाक्याची बातमी आली त्या संध्याकाळी, वॉर्डात सगळे रेडिओभोवती जमले होते. लतिकेने मला हाक मारली आणि म्हणाली, "ताई, पांघरूण काढ, मी काहीतरी करून राहिली." उजव्या पायाचा अंगठा हलत होता. अगदी थोडा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. मी नर्सला बोलावलं, नर्सने डॉक्टरना, आणि सगळे येईपर्यंत ती दमून झोपली.

आई तिच्याजवळ आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस घरी आणता येईल म्हणतात, तीही आडवीच.

मी आणि नथ्थू गाडी घेऊन परत आलो. घरी तुमचं आठ तारखेचं पत्र आलेलं होतं. ते मी उभ्यानेच वाचलं. आमची पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुम्ही गार्डच्या डब्यात जागा करणार होतात हे वाचून मला लाज वाटली. पण खरं लिहायचं तर ते पत्र नऊला मिळालं असतं तरी मी पाठ काढलीच असती. सतरापर्यंत थांबले नसते.

आता जे माझ्या हातात होतं ते पूर्ण केलं आहे. पुढची सीट, मागची गादी आणि पाठ, तिन्ही बाबांनी आणि मी जागेवर बसवली. बोल्टांना नवं ग्रीस, वर पूर्वीसारखी पट्टी. कंगवा, चिंचोके आणि पावती पुन्हा गादीखाली, होती तिथेच.

आणि मी कबूल केलं होतं की सीट ठेवली त्याहून चांगली परत करीन. पाठीवर डाव्या बाजूला, वरच्या कडेशी तेलाचा एक जुना काळपट डाग होता, हाताच्या पंज्याएवढा. तो तसाच परत करणं मला बरं वाटेना. आधी मुलतानी माती लावून उन्हात ठेवली, मग रिठ्याच्या पाण्याने पुसलं, पुन्हा माती, पुन्हा रिठे. दोन दिवस लागले. आता डाग होता असं कुणी सांगितलं तरी खरं वाटणार नाही. खालून कापडाचा मूळचा तांबडा रंग निघाला आहे. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, पास.

बिल्ला सवडीने पाठवावा.

तुमची,
सुनेत्रा

•

अधारताल
२५ जानेवारी १९७२

ती. काकांस,

चार आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. मला वाटलं तुम्ही पाठ काढल्याबद्दल रागावला आहात, आणि तो राग मी सोसायला तयार होते.

रविवारी नथ्थू आला होता, नागपूरहून परतलो त्याच दिवशी गावी गेला होता तो संक्रांत करून परवाच परतला. गाडी चालू करायला त्याने दार उघडलं, मागे वळून पाहिलं आणि इंजिन चालू न करताच खाली उतरला. मी विचारलं काय झालं. तो पायरीवर बसला. मग त्याने विचारलं, "ये किसने किया?"

मी म्हटलं, मी.

तो म्हणाला, "मालकिन का सिर यहीं टिकता था, बिटिया. उनके जाने के बाद भय्यासाहेब रोज शाम को दफ़्तर से आते, गाड़ी निकालनी नहीं होती, बस पीछे आकर बैठ जाते. मुझसे कहते, नथ्थू, तू चाय पी आ." त्याने सांगितलं की काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली तरी त्या डागाला तुम्ही फडकं लावू दिलं नाही. बदलीवर गाडी नेली नाहीत, कारण भुसावळच्या धुळीत ती रोज पुसावी लागली असती. बोल्टांना ग्रीस तुम्हीच लावत होतात. मग मला कळलं की बोल्ट गंजले आहेत असं तुम्ही का लिहिलं.

मी नथ्थूला म्हटलं, तू त्या दिवशी सांगायचं होतंस. तो म्हणाला, "मैंने तो कहा था." आणि त्याने सांगितलंच होतं. मी ते तुम्हाला पत्रात लिहूनसुद्धा कळवलं, आणि तरी मला कळलं नाही.

तीन दिवस हे पत्र लिहून फाडते आहे. क्षमा मागायची तर कशाची मागायची ते नीट वेगळं करायला हवं होतं, ते आज झालं.

पाठ काढली याचा मला पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा तोच प्रसंग आला तर पुन्हा काढीन, तुम्ही समोर उभे राहिलात तरी. डाग काढला याचा पश्चात्ताप आहे, आणि तो जाणार नाही. पहिल्याला तुमची मनाई होती, दुसऱ्याला कुणी मनाई केली नव्हती. मनाई मोडली ती चूक ठरली नाही. कुणीच न सांगितलेलं काम मी चांगुलपणा म्हणून केलं, तीच चूक ठरली. हे मला अजून नीट समजलेलं नाही, पण दोन्ही एकाच बिल्ल्यावर आहेत, आणि नंबर माझा आहे.

लतिकेला आणायला आम्ही दुसरी सोय बघतो आहोत. तुमच्या गाडीला मी आता हात लावणार नाही.

सुनेत्रा

•

भुसावळ
२ फेब्रुवारी १९७२

चि. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

तुझे डिसेंबरचे पत्र मी स्टेशनात उभा राहून वाचले आणि खिशात घातले. घरी जाऊन पुन्हा काढले नाही. एक महिना उत्तर दिले नाही ते रागाने नव्हे. काय लिहावे ते सुचत नव्हते. रागावलो असतो तर एका ओळीत काम झाले असते.

नथ्थूने सांगितले ते खरे आहे. तुझ्या काकूला माक्याचे तेल लागत असे, तेही फार. त्यावरून मी तिला बोलत असे की गाडीची पाठ ही तुझी उशी नाही. दोनदा कापड बदलायला काढले होते, दोन्ही वेळा तिनेच राहू दे म्हणून सांगितले. नंतर मी राहू दिले.

आता माझे. तीस वर्षांत मी पुढच्या स्टेशनाला एकदाही खोटा निरोप दिलेला नाही. तिथे माणसे मरतात. तुला मात्र मी बोल्ट गंजले म्हणून खोटे लिहिले. 'तिथे तुझ्या काकूच्या डोक्याचा डाग आहे, तो जाऊ देऊ नको,' एवढे एक वाक्य लिहिले असते तर तू पाठ काढली असतीस, मुलगी वाचली असती आणि डागही राहिला असता. मला ते वाक्य पुतणीला लिहायची लाज वाटली. तेव्हा डाग तू धुतलास, पण निरोप मी चुकीचा दिला होता. माझाही एक बिल्ला कुठेतरी टांगायला हवा, पण माझ्याकडे नंबर नाही.

तुझा बिल्ला मी परत पाठवणार नाही. तुझ्या बाबांचा नियम मीही जाणतो. वस्तू पूर्ण परत आली तर बिल्ला परत. वस्तू पूर्ण परत आलेली नाही, येणारही नाही. तेव्हा तो इथे माझ्या टेबलावरच्या खिळ्याला राहील. रोज समोर असतो. पहिले काही दिवस त्याच्याकडे बघवत नव्हते. आता सकाळी रुमालाने पुसतो.

दुसरी सोय बघू नका. लतिकेला आणायला तीच गाडी न्यायची, तीच फळी, आणि पाठ काढायची. या वेळी विचारू नये. काढल्यावर पुन्हा बसवूही नये, तिला वर्षभर नागपूरला जावे-यावे लागेल. पाठ पाटांवर राहू दे.

एक विचारतो, म्हाताऱ्याचा प्रश्न समज. तू उजवीकडे बसणार असे लिहिले होतेस, म्हणजे फळी डाव्या बाजूला होती. लतिकेचे डोके नेमके कुठे होते? काकूच्या जागी होते का?

तुझा,
नीलकंठकाका

•

अधारताल
७ फेब्रुवारी १९७२

ती. काकांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि खिळ्यांच्या फळीवरून ३१८ चा खिळा उपटून काढला. म्हणाले, त्याची जागा आता भुसावळला आहे.

पाठ काल सकाळी काढली. विचारलं नाही. नथ्थूने या वेळीही हात पुसून कपाळाला लावला, आणि मीही लावला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन दिवस लावले. 'हो' लिहावं असं मनात आलं होतं. तुम्हाला तेच हवं असेल असं वाटलं, आणि कुणी तपासायला येणार नव्हतं. पण एकदा कुणाला बरं वाटावं म्हणून केलेल्या कामाचं काय झालं ते मी पाहिलं आहे. म्हणून काल संध्याकाळी नथ्थूला फळी परत आत सारायला लावली आणि डिकीकडून मोजून घेतलं.

डोकं तिथे नव्हतं. ते पुढे होतं, काढलेल्या डाव्या सीटच्या जागी. काकू जिथे बसत, तिथे लतिकेचे पाय होते. मोठ्यांच्या जागी पाय ठेवू नयेत हे आम्हाला लहानपणी काकूंनीच शिकवलं, म्हणून हे लिहिताना हात अडतो आहे. पण फळीची लांबी आणि डिकीची वाट अशी होती की दुसरीकडे ते येतच नव्हते.

डावा पाय पाठीच्या चौकटीपासून चार इंच अलीकडे. डोकं पुढे असल्याने तिची उजवी बाजू गाडीच्या डावीकडे होती, म्हणून उजवा पाय चौकटीला टेकलेला, अगदी डाव्या कोपऱ्यात. त्याचाच अंगठा आता हलतो.

तुमची,
सुनेत्रा
(३१८, मुक्काम भुसावळ)